आधी दर्शन, मग शस्त्र : डोके व मानेतील मृदू गाठींचे प्रतिमा-निदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नांदगाव खंडेश्वर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. धर्मादाय दवाखाने, औषधांचे वाटप आणि नेत्रशिबिरे यांमुळे औषधदान समाजाच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे. परंतु ज्या माणसाच्या मानेला एके दिवशी अचानक गाठ लागते, त्याला सर्वप्रथम औषध नको असते. त्याला हवे असते ज्ञान. ही गाठ कशाची आहे, ती कोठून निघाली, कोठवर पोहोचली, साधी आहे की घातक, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून त्याच्या मनातील भय जात नाही आणि योग्य औषधही ठरत नाही. या एका प्रसंगात ज्ञानदान, औषधदान आणि अभयदान ही तिन्ही एकाच साखळीत गुंफलेली आहेत आणि साखळीची पहिली कडी आहे, पाहणे. शस्त्र न लावता, रक्ताचा थेंबही न सांडता शरीराच्या आत पाहणे हे आधुनिक वैद्यकाला साधले आहे. डोके आणि मान या भागांतील मृदू गाठींच्या बाबतीत या 'पाहण्या'चे मोल किती आहे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

मृदू गाठ म्हणजे काय?

हाडे आणि दात वगळता शरीराला आकार देणारे, भरून ठेवणारे आणि जोडणारे जे काही आहे, ते म्हणजे चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या, लसवाहिन्या, मज्जातंतू व त्यांना बांधून ठेवणारे तंतू. या सर्वांना वैद्यकात मृदू ऊती म्हणतात. यांपैकी कोणत्याही ऊतीतून गाठ निर्माण होऊ शकते. चरबीची गाठ म्हणजे लायपोमा, रक्तवाहिन्यांची हिमँजिओमा, मज्जातंतूच्या वेष्टनाची श्वॅनोमा. लहान मुलांच्या मानेत लसवाहिन्यांच्या दोषामुळे पाण्याच्या फुग्यासारखी सूज येते, तीही याच कुळातील. या बहुतेक गाठी साध्या असतात. मृदू ऊतींपासून निघणाऱ्या घातक गाठीला सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत सार्कोमाचे प्रमाण सुमारे एक टक्का एवढेच आहे. मुलांमध्ये मात्र स्नायूंच्या जातीचा रॅब्डोमायोसार्कोमा हा विशेष लक्षात ठेवावा लागतो, कारण त्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक गाठी डोके व मान या भागातच आढळतात.

या खऱ्या मृदू गाठींच्या शेजारी, बाहेरून हुबेहूब तशाच दिसणाऱ्या आणखी काही गाठी असतात. क्षयरोगाने सुजलेल्या लसग्रंथी, थायरॉइडच्या गाठी, गालाच्या लाळग्रंथीतील गाठी, आणि तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाने मानेतील लसग्रंथींत केलेला शिरकाव. हाताला सगळ्या गाठी 'गाठ' म्हणूनच लागतात. बोटांनी चाचपून अनुभवी डॉक्टर पुष्कळ काही सांगतो. पण गाठीचे मूळ किती खोल आहे, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीला ती चिकटली आहे काय, चेहऱ्याच्या मज्जातंतूचा मार्ग तिच्यातून जातो काय, हे बोटांना कळत नाही.

आणि मान हा भाग असा की तेथे चुकीला जागा नाही. तळहाताएवढ्या जागेतून श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूच्या मोठ्या धमन्या व शिरा, आवाजाचे, गिळण्याचे, खांदा उचलण्याचे मज्जातंतू आणि पाठीचा कणा हे सारे एकमेकांना खेटून जातात. शेताच्या बांधावरची झुडपे तोडावीत तसे येथे शस्त्र चालविता येत नाही. आधी नकाशा हवा.

आत पाहण्याची सव्वाशे वर्षे

हा नकाशा मिळविण्याची सुरुवात ८ नोव्हेंबर १८९५ रोजी झाली. जर्मनीतील वुर्त्सबर्ग येथे विल्हेल्म रंटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पण क्ष-किरणांच्या साध्या फोटोत हाड स्पष्ट दिसते आणि मृदू ऊती जवळजवळ सारख्याच करड्या दिसतात. स्नायू, गाठ आणि रक्तवाहिनी यांतील भेद त्यात उमटत नाही. सुमारे पाऊणशे वर्षे वैद्यक या भिंतीपाशी अडून राहिले.

ती भिंत इंग्लंडमधील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ओलांडली. त्यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाची तपासणी झाली, आणि ती डोक्याचीच होती. हेच सी.टी. स्कॅन. क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते, अनेक दिशांनी मोजमाप होते आणि संगणक त्यातून शरीराचे आडवे काप रचून दाखवितो. कारंजा (लाड) येथील शास्त्रभांडारांतील पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चटकन समजेल. बंद पोथी बाहेरून कितीही न्याहाळली तरी आतला मजकूर कळत नाही. सुटे पान एकेक करून समोर ठेवले की ग्रंथ उलगडतो. साधा एक्स-रे म्हणजे सगळी पाने एकावर एक ठेवून उजेडात धरणे, आणि सी.टी. म्हणजे एकेक पान वाचणे. या कार्यासाठी हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर आले चुंबकीय अनुनाद चित्रण, म्हणजे एम.आर.आय. यात क्ष-किरण मुळीच नसतात. शरीरातील पाणी व चरबी यांमध्ये हायड्रोजन विपुल असतो. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात रेडिओलहरी दिल्या की हायड्रोजनची केंद्रके प्रतिसाद देतात, आणि प्रत्येक ऊतीचा प्रतिसाद निराळा असतो. म्हणूनच जी मृदू ऊती क्ष-किरणांना करडी दिसे, ती येथे आपल्या वेगळेपणासह प्रकट होते. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असते. या पद्धतीच्या पायाभूत संशोधनासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

चार साधने, चार दृष्टी

हत्ती आणि आंधळ्यांची कथा पाठशाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ज्याने पाय चाचपला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याने कान धरला त्याला सुपासारखा. कोणीच खोटे बोलत नव्हता, पण कोणाचेच सत्य पूर्ण नव्हते. अनेकान्ताची ही शिकवण प्रतिमा-निदानाला तंतोतंत लागू पडते. एकच यंत्र सर्व काही सांगत नाही. प्रत्येक यंत्र गाठीचा एक पैलू दाखविते.

पहिले साधन सोनोग्राफी. ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवर ती चालते, किरणोत्सर्ग नसतो, खर्च कमी असतो आणि तालुक्याच्या जवळपास ती मिळू शकते. गाठ पाण्याने भरलेली की भरीव, एक की अनेक, तिच्यात रक्तप्रवाह किती, हे ती सांगते. मानेची वरवरची गाठ, थायरॉइड आणि लहान मुले यांच्यासाठी ती पहिली पायरी होय. तिच्याच मार्गदर्शनाखाली बारीक सुईने पेशी काढून तपासता येतात. या तपासणीला एफ.एन.ए.सी. म्हणतात. मर्यादा एवढीच की हाडाच्या आड आणि हवेच्या पोकळीपलीकडे तिला दिसत नाही.

दुसरे साधन सी.टी. स्कॅन. गाठीने जबड्याचे किंवा कवटीच्या तळाचे हाड पोखरले आहे काय, गाठीत चुन्याचे कण आहेत काय, मानेतील लसग्रंथी वाढल्या आहेत काय आणि रोग फुप्फुसांपर्यंत गेला आहे काय, हे काही सेकंदांत दिसते. यात घनता अंकांनी मोजली जाते. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे ५० ते उणे १०० च्या आसपास. त्यामुळे लायपोमा अंकावरूनच ओळखू येतो. सी.टी.त किरणोत्सर्ग असतो. माणसाला निसर्गातून वर्षभरात सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. मानेच्या एका सी.टी.त साधारण तेवढाच किंवा थोडा अधिक मिळतो. गरज असताना त्याची भीती बाळगू नये आणि गरज नसताना, विशेषतः मुलांमध्ये, तो वारंवार करू नये.

तिसरे साधन एम.आर.आय. मृदू गाठींच्या अभ्यासात त्याचे स्थान अग्रगण्य आहे. एका पद्धतीच्या चित्रात चरबी उजळ दिसते, दुसऱ्यात पाणी. चरबीचा प्रतिसाद मुद्दाम दाबून टाकला की लायपोमा काळा पडतो आणि त्याची ओळख पटते. रक्तवाहिन्यांची गाठ पाणीदार चित्रात दिव्यासारखी उजळते. वेगाने रक्त वाहणाऱ्या गाठीत प्रवाहाच्या जागी काळे ठिपके दिसतात आणि मोठ्या गाठीचे चित्र मीठ व मिरपूड मिसळल्यासारखे वाटते. जिभेच्या स्नायूंत रोग किती खोल उतरला, मज्जातंतूच्या कडेने तो कवटीकडे सरकला काय, हे एम.आर.आय. उत्तम सांगतो.

चौथे साधन पेट-सी.टी. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. भुकेल्या पेशी ती अधिक ओढून घेतात आणि चित्रात चमकतात. ही खूण ज्या फ्लोरिन-१८ या द्रव्याची असते, त्याची शक्ती सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते. म्हणून ही सोय मोठ्या केंद्रांतच परवडते. रोग शरीरात अन्यत्र पसरला आहे काय आणि उपचारानंतर काही शिल्लक आहे काय, यासाठी ती उपयोगी आहे. प्रत्येक गाठीला पेट-सी.टी. लागतो, हा समज चुकीचा आहे. शिवाय सुजेच्या आणि क्षयरोगाच्या ग्रंथीही त्यात चमकतात.

अहवालाच्या भाषेविषयीही येथे सांगितले पाहिजे. क्ष-किरणतज्ज्ञ लिहितो, 'अमुक आजार सूचित होतो', 'तमुक असण्याची शक्यता अधिक'. नातेवाईक वैतागतात, यंत्राला एवढे पैसे मोजले, तरी नक्की काय ते लिहीत नाही! स्याद्वादाचा परिचय असलेल्या समाजाला हा वैताग वाटण्याचे कारण नाही. 'स्यात्' म्हणजे गोंधळ किंवा टाळाटाळ नव्हे. 'या अपेक्षेने, या बाजूने पाहता असे आहे', असा तो काटेकोर शब्द आहे. चित्राच्या बाजूने जेवढे खरे तेवढेच प्रामाणिक तज्ज्ञ लिहितो. पेशींच्या बाजूचे सत्य बायॉप्सीच्या तपासणीतून यावयाचे असते, आणि दोन्ही एकत्र आल्यावर निदान पूर्ण होते.

आधी चित्र, मग सुई

'गाठ आहे, कापून काढा आणि तपासायला पाठवा', हा विचार सरळ वाटतो. मानेत तो कधी कधी प्राणावर बेतू शकतो.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या एका नाकपुडीतून वारंवार रक्त येते आणि नाक चोंदते. उन्हाळ्यात वऱ्हाडात घोळणा फुटणे नवीन नाही, म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. पण कधी कधी त्यामागे किशोरवयीन मुलांतच आढळणारी अँजिओफायब्रोमा ही रक्ताने भरलेली गाठ असते. ती कर्करोग नव्हे, परंतु चित्र न काढता तिचा तुकडा घेतला तर रक्तस्राव आटोक्यात आणणे कठीण होते. सी.टी. व एम.आर.आय. मध्ये तिचे स्थान आणि रूप इतके विशिष्ट असते की बहुधा तुकडा घेण्याची गरजच उरत नाही.

दुसरे उदाहरण कॅरोटिड बॉडी ट्यूमरचे. मानेत मुख्य धमनी जेथे दुभंगते, त्या बेचक्यात ही गाठ वाढते आणि दोन्ही शाखांना एकमेकींपासून दूर ढकलते. हाताला ती साधी लसग्रंथी वाटते. आडवी हलते, उभी हलत नाही. रंगीत डॉप्लर सोनोग्राफी केली की तिच्यातील रक्तप्रवाह आणि फाकलेल्या धमन्या दिसतात, आणि साध्या गावठी शस्त्रक्रियेने हात घालण्याची ही जागा नव्हे, हे स्पष्ट होते.

तिसरे उदाहरण गालाच्या लाळग्रंथीचे. कानाखाली वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारी, न दुखणारी गाठ बहुतेक वेळा साधी असते. मात्र चेहऱ्याचा मज्जातंतू त्याच ग्रंथीतून जातो. डोळा मिटणे आणि हसणे त्याच्यावर अवलंबून आहे. गाठ त्या मज्जातंतूच्या वरच्या थरात आहे की खालच्या, हे आधी कळले तर शल्यविशारद त्या तयारीने उतरतो.

चौथी गोष्ट सार्कोमाची. येथे तुकडा घेणे अनिवार्य असते, परंतु चित्रण आधी व्हावे. तुकडा घेतल्यावर आत रक्त साचते, सूज येते आणि मग चित्रात मूळ गाठ कोणती व जखम कोणती हे ओळखणे अवघड जाते. तुकडा कोणत्या वाटेने घ्यावयाचा तेही चित्र पाहून ठरते, कारण पुढील शस्त्रक्रियेत ती वाटसुद्धा काढून टाकावी लागते. गाठ लायपोमा समजून अर्धवट कापली गेली आणि नंतर ती सार्कोमा निघाली, तर पुढचा उपचार अधिक मोठा आणि कठीण होतो.

चित्राने वाचविलेली शस्त्रे, आणि चित्राची मर्यादा

चित्रणामुळे शस्त्रक्रिया खरोखर कमी होतात काय? याचे एक मोजलेले उत्तर उपलब्ध आहे. २०१६ साली ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डोके व मानेच्या कर्करोगात लसग्रंथींपर्यंत रोग गेलेल्या ५६४ रुग्णांची दोन समान गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात मानेच्या ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया आधीच ठरलेली होती. दुसऱ्या गटात औषध व किरणोपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी पेट-सी.टी. करून, जरूर दिसली तरच शस्त्रक्रिया करावयाची होती. पहिल्या गटात मानेच्या २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्या गटात ५४. जगण्याचे प्रमाण मात्र दुसऱ्या गटात कमी झाले नाही. एवढ्या माणसांच्या मानेवरचे शस्त्र केवळ पाहण्याने टळले. अहिंसेला मानणाऱ्या समाजाने या आकड्यांकडे आवर्जून लक्ष द्यावे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने जगाला दाखविली. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवातीची अवस्था, मानेत गाठ लागत नाही; अशा वेळी मानेच्या ग्रंथी आधीच काढाव्यात की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा वाद अनेक दशके चालू होता. टाटा रुग्णालयाने ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली मांडले. ज्यांच्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या, त्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. ज्यांच्या बाबतीत वाट पाहिली, त्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. याचा अर्थ असा की काही पेशी चाचपणीला आणि चित्राला न सापडता ग्रंथीत लपून बसतात. चित्रात दिसले नाही म्हणजे नाहीच, असे नसते. म्हणून शस्त्रक्रिया सुचविणारा प्रत्येक डॉक्टर लोभी नसतो आणि शस्त्रक्रिया टाळणारा प्रत्येक डॉक्टर दयाळू नसतो. कोठे शस्त्र टाळावे आणि कोठे वेळीच स्वीकारावे, हा विवेक पुराव्यावर उभा असतो.

वऱ्हाडातील प्रश्न

यंत्रे कितीही उत्तम झाली तरी माणूस त्यांच्यापर्यंत वेळेवर पोहोचला पाहिजे. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या शेतीत राबणाऱ्या माणसाला मानेची गाठ दुखत नाही, तोवर ती आजार वाटतच नाही. पेरणी होऊ द्या, मग पाहू. वेचणी आटपू द्या, मग जाऊ. असे हंगाम सरतात. आणि घातक गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हेच तर तिचे कपट आहे.

दुसरा विलंब उपचारातूनच होतो. या देशात मानेच्या गाठीमागे क्षयरोग वारंवार असतो, हे खरे. परंतु सुईची तपासणी न करता, केवळ अंदाजाने क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या आणि गाठ वेगळ्याच रोगाची निघाली, तर हातचे मोलाचे महिने निघून जातात. म्हणून 'पेशी तपासल्या काय?' हा प्रश्न रुग्णाने नम्रपणे पण निश्चयाने विचारावा.

तिसरा प्रश्न तंबाखूचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात वापरत होते. त्यांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, बाकीचा भार खाण्याच्या तंबाखूचा आणि खर्ऱ्याचा. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण सवय कायद्याने सुटत नाही. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण एका वर्षात आढळले. मानेत गाठ घेऊन येणाऱ्या अनेक प्रौढांच्या गाठीचे मूळ मानेत नसते, तोंडात असते.

येथे समाजाने स्वतःकडेही पाहावे. मद्य आणि मांस यांपासून दूर राहणाऱ्या अनेक घरांत सुपारीला व्यसन मानले जात नाही. जेवणानंतर ती तबकात येते, पाहुण्यांपुढे ठेवली जाते, लग्नप्रसंगी वाटली जाते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरविली आहे. सुपारीने तोंडाच्या आतील अस्तर कडक होत जाते, तोंड उघडेनासे होते आणि तेथेच पुढे कर्करोगाची शक्यता वाढते. दोन-तीन बोटे तोंडात उभी मावत नसतील तर तो धोक्याचा इशारा समजावा. पर्वकाळात ज्या गोष्टींचे पच्चक्खाण घेतले जाते, त्यांत सुपारीचा आजन्म त्याग समाविष्ट झाला, तर त्यासारखी प्रतिबंधक लस नाही.

कोणत्या खुणा दिसल्यास थांबू नये, तेही स्पष्ट असावे. तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली मानेची गाठ, तोंडातील न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, बसलेला आवाज, गिळताना अडथळा, एकाच बाजूच्या नाकातून वारंवार रक्त, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, लहान मुलाचा डोळा पुढे येणे. यांपैकी काहीही असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. चाळिशीनंतरची मानेची नवी गाठ तपासणी होईपर्यंत साधी मानू नये. त्याच वेळी, प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. भीतीने घरी बसणारा रुग्णही उशिराच पोहोचतो.

तपासणीला जाताना

एम.आर.आय.च्या खोलीत चुंबक सदैव चालू असतो. मंगळसूत्र, बांगड्या, केसांच्या पिना, घड्याळ, श्रवणयंत्र बाहेर ठेवावे. पेसमेकर, शरीरातील धातूच्या पट्ट्या किंवा डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण असल्यास आधी सांगावे. यंत्र मोठा आवाज करते आणि वीस ते चाळीस मिनिटे निश्चल पडून राहावे लागते. सामायिक करणाऱ्याला ही निश्चलता अवघड जाऊ नये. गिळण्याच्या हालचालीनेही मानेचे चित्र बिघडते.

उपवासाविषयी विशेष सांगणे आवश्यक आहे. सी.टी.त आयोडीनयुक्त आणि एम.आर.आय.त गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून द्यावे लागू शकते. मूत्रपिंडे ठीक असल्याची रक्ततपासणी त्यासाठी बहुधा करतात. पर्युषण किंवा दशलक्षण पर्वात निर्जल उपवास चालू असेल तर शरीरातील पाणी कमी झालेले असते, आणि अशा वेळी आयोडीनयुक्त औषध मूत्रपिंडांना त्रासदायक ठरू शकते. तपस्वी रुग्णाने हे लपवू नये. डॉक्टरांना सांगावे आणि तातडी नसेल तर तारीख पारण्यानंतरची घ्यावी. पेट-सी.टी.ला उलट काही तास उपाशीच राहावे लागते, मात्र पाणी चालते. मधुमेहाच्या रुग्णाने साखर आणि औषधांविषयी आधी विचारावे. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांनी सकाळची वेळ मागितल्यास दोन्ही गोष्टी साधतात.

आणि शेवटचे, सर्वांत सोपे, पण सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे जुन्या फिल्म, सीडी व अहवाल तारखेनुसार एका पिशवीत जपून ठेवणे. गाठ वाढली की स्थिर आहे, हे जुन्या चित्राशी तुलना केल्यावाचून कळत नाही. फिल्म हरवली तर तपासणी पुन्हा करावी लागते आणि खर्चही पुन्हा.

समाजाचे काम

या भूमीला रुग्णसेवेचा मोठा वारसा आहे. याच तालुक्यातील पापळ हे डॉ. पंजाबराव देशमुख यांचे जन्मगाव. अमरावतीचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाने उभे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे १९६८ साली कर्करोगानेच निर्वाण झाले आणि नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाने त्यांचे नाव धारण केले. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने तेथे जाणाऱ्या वऱ्हाडी रुग्णाला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आसरा देते. स्वतः गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. रोग्याला औषधाइतकीच पाठ टेकायला जागा लागते, हे या परंपरेने ओळखले होते.

शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. पुढे ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने राज्यभर चालू आहे. योजनेत उपचार मिळतो. परंतु निदान होईपर्यंतचा खर्च, प्रवास, बुडालेली मजुरी आणि 'कोठे जावे' हा संभ्रम पुष्कळदा रुग्णाच्याच वाट्याला येतो. गरीब रुग्ण नेमका याच टप्प्यावर गळतो. त्याची सोनोग्राफी होते, पुढचा एम.आर.आय. लिहून दिला जातो आणि तो कागद घरातील खुंटीवर लटकत राहतो.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या समाजाला या टप्प्यावर काम करण्यास मोठ्या यंत्राची गरज नाही. वर्षातून एकदा तोंड व मान यांची तपासणी करणारे शिबिर. त्यात संशयित ठरलेल्या प्रत्येकाचे नाव, आणि त्याची पुढची तपासणी झाली की नाही याची नोंदवही. ज्याची पैशाअभावी अडली असेल त्याच्या एका चित्रणाचा खर्च. आणि अमरावती, नागपूर किंवा मुंबईस सोबत जाणारा एक जाणता कार्यकर्ता. शिबिरात किती जण आले हा आकडा फलकावर शोभतो. शिबिरानंतर किती जण निदानापर्यंत पोहोचले, हा आकडा माणसे वाचवितो.

रत्नत्रयीत दर्शन पहिले येते, मग ज्ञान आणि त्यानंतर चारित्र्य. मोक्षमार्गाचा तो क्रम लौकिक गोष्टीला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मान्य करूनही रुग्णसेवेत त्याचा एक अंश उपयोगी पडतो. नीट पाहावे, पाहिलेले नीट समजून घ्यावे आणि मगच कृती करावी. गाठ कोणाची हे न विचारता, जातिधर्माचा भेद न करता, एखाद्या शेतमजुराच्या खुंटीवर लटकलेला तो कागद खाली उतरविला गेला आणि त्याची तपासणी वेळेत झाली, तर त्या दानात ज्ञान, औषध आणि अभय तिन्ही आले.

जय जिनेंद्र.